अब्बांची फळी

बोरच्या जंगलात मी वाघ बघायला गेलोच नव्हतो. मला अब्बांची फळी बघायची होती.

अब्बा तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराकडे मुन्शी होते. दर मे महिन्यात त्या बाजूला जायचे आणि पावसाच्या आधी परत यायचे. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक गोणी, हा हिशेब मी शाळेतल्या पाढ्यांच्या आधी शिकलो.

वर्ध्याहून सेलू, हिंगणी आणि मग बोरधरण. जुनं अभयारण्य 1970चं. अब्बांची फळी होती तो भाग तेव्हा त्यात नव्हता. 2012 मध्ये नवीन बोर जोडलं, त्यात तो गेला. 2014 मध्ये सगळ्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला, देशातला 47वा. गाभा क्षेत्र अवघं 138 चौरस किलोमीटर, म्हणजे देशातल्या सगळ्यात लहान प्रकल्पांपैकी एक. एवढ्याशा जागेत वाघ मावणार कसे? ते पेंच, मेळघाट, ताडोबाकडे चालू लागतात आणि वाटेत आपले रस्ते येतात. इथला बाजीराव नावाचा वाघ 2017च्या डिसेंबरात बाजारगावजवळ महामार्गावर गाडीखाली गेला. तेव्हा मी वर्गात मुलांना ती बातमी वाचून दाखवली होती, जंगल वाचवा वगैरे सांगितलं होतं.

जिप्सीतले गाईडदादा गाभ्यातून उठवलेल्या गावातले निघाले. सागाची पानगळ झालेली, मोह मात्र फुलांनी लगडलेला. एका मोकळ्या माळावर चितळांचा कळप चरत होता. दादा हळूच म्हणाले, "सर, थे चिंच पाहा. आमच्या आंगनातली हाये."

मी विचारलं, "वाईट वाटतं का हो?"

"पोट्टे आता शाळेत जातात. दवाखाना जवळ हाये. रातच्याले जनावराचा भेव नाही." मग बराच वेळ गप्प. "पन मोहफुलं येचाले मायले इकडं येता येत नाही. थे दरसाली इचारते."

मुलांना शिकवलेली सगळी वाक्यं माझ्याकडे होती, पण त्यांना सांगण्यासारखं त्यातलं एकही नव्हतं. चितळं चरत होती, माळ सुंदर दिसत होता, तो रिकामा झाल्यामुळेच सुंदर होता. दोन्ही खरं होतं.

अब्बांच्या फळीची जागा दादांना माहीत होती. नाल्याच्या पलीकडे. पण तिकडे गाडी जात नाही आणि खाली उतरायची परवानगी नाही. नियम बरोबरच आहे. नाल्याच्या वाळूत वाघिणीचे ताजे पंजे होते, शेजारी छोटे दोन.

घरी आलो तर अब्बा खाटेवर बसून वाटच बघत होते.

"कुसुम का झाड है क्या अभी?"

"वहाँ तक जाने नहीं देते, अब्बा. वाघिणीचे पंजे दिसले. पिल्लं आहेत तिला."

अब्बांनी चष्मा काढून पुसला. "नाले में पानी था?"

"था."

"फिर ठीक है," म्हणाले, आणि अम्मीला चहा ठेवायला सांगितलं.