सईस पत्र

बुलढाणा, जून २०२५



तू लीड्सहून महिनाभर आमच्या घाटाखालच्या ग्रामीण रुग्णालयात शिकायला येतेस, हे दादाने फोनवर सांगितलं. तिकडे सगळं लांबून बघावं लागतं, इथे स्वतःच्या हाताने करायला मिळेल म्हणून तू खूश आहेस, असंही म्हणाला. हे पत्र त्यासाठीच.

तिकडे जे करायची तुला परवानगी नाही, ते इथेही करायचं नाही. टाके घाल, सलाईन लाव, असं कुणी कौतुकाने म्हणेल. पेशंट तर कुणालाच नाही म्हणत नाही. मजुरी बुडवून आलेली बाई तुझा पांढरा कोट बघून मुकाट हात पुढे करेल. तिच्या हातावर तुझा पहिला सराव व्हावा, हे मला मान्य नाही. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून जन्म काढला, पण या बाबतीत माझं मत कधी बदललं नाही.

पहिले दिवस नुसतं बघ. पेरणीच्या हंगामात येतेस, म्हणजे साप चावलेले पेशंट येतीलच. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. बहुतेक वेळा ना फार दुखतं, ना सूज येते. माणूस पहाटे पोट दुखतं म्हणून येतो आणि बोलता बोलता त्याच्या पापण्या जड होऊ लागतात. त्याच्या उशाशी बस, पापण्या बघ, श्वास बघ. घोणस किंवा फुरशाचा संशय असला तर काचेच्या नव्या, कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग नळी तिरपी करतात. रक्त पाण्यासारखं वाहिलं, की विषाने गोठण्याची क्रिया बिघडवली हे समजायचं. ती २० मिनिटं तू नळीपाशी उभी राहा. एवढ्या साध्या तपासणीवर सापाची लस द्यायची की नाही हे ठरताना तुला दिसेल.

विंचूदंशावर प्राझोसिनचा उपाय रुजवणारे डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातले. रायगडच्या सरकारी दवाखान्यांत पेशंटच्या उशाशी बसूनच ते शिकले. याच जानेवारीत शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस मुठीमुठीने गळले, तेव्हा रेशनच्या गव्हात सेलेनियम जास्त सापडल्याचं त्यांनीच सांगितलं. डोक्यावरच्या केसांच्या गळतीचं कारण शोधत ते घरातल्या धान्यापर्यंत गेले.

म्हणून विचारायला शीक. पूर्णेकाठचा खारपाणपट्टा संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या भागांतून जातो. तिथल्या विहिरींचं नि बोअरचं पाणी खारट, आणि किडनीच्या आजाराची माणसं गावोगाव. केसपेपरवर वय, वजन, बीपी सगळं असतं. घरी पाणी कुठून येतं, हे नसतं. ते तू विचार. ‘पोटात दुखून रायलं’ म्हणणाऱ्या आजीला मधेच तोडू नकोस, ती सकाळच्या एसटीने आलेली असते.

जामखेडचं नाव तुझ्या कॉलेजात कानावर आलं असेल. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला शिकून १९७० साली जामखेडला आलं आणि गावातल्या, बऱ्याचशा निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केलं. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आजही परदेशातली मुलं तिथे त्या बायकांपुढे बसून शिकतात. तुझ्यासाठी तशा गुरू म्हणजे आपल्या आशाताई. दुपारी ओपीडी आटोपली की त्यांच्याबरोबर वस्तीवर जा. बाळंतिणीच्या घरात चूल कुठे आहे, पाणी कोण भरतं, सासू काय म्हणते, हे त्यांना तोंडपाठ असतं.

वॉर्डात फोटो मात्र काढू नकोस. पेशंट हो म्हणाला तरीही नको.

रविवारी मलकापूरहून एसटी पकड आणि राजूर घाट चढून घरी ये. तुझ्याबरोबर फिरणाऱ्या आशाताईंनाही जेवायला घेऊन ये.

तुझी,
आत्या