पक्कं बिल माग, मावशी

प्रिय सुमनमावशीस,


परवा फोनवर तू चिडलीस, त्यात तुझं काही चुकलं नाही. मुंबईच्या दुकानवाल्यांनी तुझी शेंगा चटणी चाखली, भाव ठरला, आणि मग आला तो जाडजूड फॉर्म. त्यातल्या ‘मान्यताप्राप्त पुरवठादारांची यादी’ या रकान्यावर तू अडलीस. “ज्या पेढीतून तुझ्या आजोबांनी माल भरला, तिला मान्यता देणारी मी कोण?” असं तू म्हणालीस. याचं उत्तर फोनवर उरकण्यासारखं नव्हतं. शिवाय चटणी आणि कडक भाकरीवर घर चालवणाऱ्या बाया सोलापुरात गल्लोगल्ली आहेत. त्यांच्याही पुढ्यात कधी ना कधी हा फॉर्म येणार, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

मान्यता पेढीला द्यायचीच नसते. ती द्यायची दारात उतरलेल्या पोत्याला, आणि त्या पोत्याची जबाबदारी घेणाऱ्याला. पेढीवरचे शेठजी कितीही सज्जन असोत, दाणे त्यांच्या शेतात पिकलेले नसतात. ते कुठल्या तरी बाजारातून, कुठल्या तरी गोदामातून आलेले असतात.

दाण्यांची गोष्ट वेगळी सांगायला हवी. शेंगेवर धरणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडते. 1960 साली इंग्लंडात लाखभर टर्की कोंबड्या मेल्या. त्यांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड होती आणि तिच्यात हे विष होतं. ते दिसत नाही, त्याला वास नाही, आणि तू दाणे कितीही खरपूस भाजलेस तरी ते पुरतं जात नाही. यकृताच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आहे. पुढे प्रक्रिया करायच्या शेंगदाण्यांसाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकाची मर्यादा किलोमागे 15 मायक्रोग्रॅम आहे. युरोपात थेट खायच्या दाण्यांना अवघी 4. पण हे विष पोत्यात सगळीकडे सारखं नसतं. ते बहुतेक सुरकुतलेल्या, काळपट, बुरसट दाण्यांत साठलेलं असतं. म्हणजे तुझ्याकडच्या बाया सुपात दाणे निवडतात, ते काम प्रयोगशाळेच्या तोडीचं आहे. फक्त पोत्यामागे किती खराब निघाले ते कुणी लिहीत नाही. ते लिहा. एकाच व्यापाऱ्याचा आकडा चढत गेला तर शेठजींशी बोलायला तुझ्या हातात काहीतरी असेल. आणि अधूनमधून एक नमुना एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत पाठव.

फॉर्ममध्ये प्रमाणपत्रंही मागितली आहेत. ती जोड, पण त्यांच्यावर विसंबू नकोस. अमेरिकेतल्या पीनट कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीच्या जॉर्जियातल्या कारखान्याला 2008 साली बाहेरच्या तपासनिसाने ‘उत्कृष्ट’ असा शेरा दिला होता. त्याच कारखान्याच्या मालातून साल्मोनेला हा जंतू पसरला, 714 जणांना बाधा झाल्याची नोंद झाली, नऊ माणसं गेली. केलॉगसारख्या बड्या कंपन्यांनी तो माल घेतला होता. नेस्लेने घेतला नव्हता, कारण तिने स्वतःची माणसं पाठवून जागा पाहिली आणि नाही म्हटलं. मालकाला 2015 मध्ये 28 वर्षांची शिक्षा झाली. मला विचारशील तर सगळी यादी, सगळे रकाने या एका ‘नाही’साठी असतात. ज्याला तू कधीच नाही म्हणू शकत नाहीस, त्याचं नाव यादीत असून नसल्यासारखं.

तिखटाच्या बाबतीत तू आधीच शहाणी आहेस. अख्खी ब्याडगी आणून देठ काढून कांडून घेतेस, तशीच घेत राहा. 2005 च्या फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये चारशेहून जास्त पदार्थ दुकानांतून मागे घ्यावे लागले. एका सॉसमध्ये वापरलेल्या भारतीय मिरचीपुडीत सुदान-1 नावाचा रंग सापडला होता, बुटाच्या पॉलिशमध्ये वापरतात तो. अख्ख्या मिरचीत भेसळ लपवणं अवघड, पुडीत सोपं. मात्र कांडपवाल्याचंही नाव यादीत घाल. तुझ्या आधी तिथे काय कांडलं गेलं, हे तुला माहीत असायला हवं.

आता बिल. तुला अडत्याची चिठ्ठी पुरते, ‘कच्चं’ घेतलं की चार पैसे वाचतात. पण 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 26 नुसार विकणाऱ्याने मालाची लेखी हमी द्यायची असते, आणि त्याचं बिल हीच ती हमी मानली जाते. चिठ्ठीवर ना नाव, ना नंबर. उद्या अन्न व औषध प्रशासनाने नमुना उचलला तर तू एकटी पडशील. परवान्याची अटही सांगते की खरेदी परवानाधारक किंवा नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच करायची. 1 जानेवारी 2022 पासून बिलावर विक्रेत्याच्या परवान्याचा किंवा नोंदणीचा चौदा आकडी नंबर छापणं सक्तीचं आहे. तो फॉसकॉस या अन्न परवान्यांच्या सरकारी संकेतस्थळावर टाकून बघ. कधी मुदत संपलेली निघते, कधी नंबर भलत्याच धंद्याचा. लसूण तू थेट शेतकऱ्याकडून घेतेस, त्याच्याकडे मात्र परवाना मागू नकोस. शेतकऱ्याला हा कायदा लागू नाही. गाव, नाव, तारीख लिहून ठेवलीस की झालं.

राहिला तुझा सगळ्यात नाजूक प्रश्न. “किरकोळ दुकानातून खरेदी करता का?” यावर तू ‘नाही’ लिहिणार होतीस. नको लिहूस. दिवाळीच्या गर्दीत मीठ संपतं, जिरं कमी पडतं आणि पोरगं सायकलवर कोपऱ्यावरच्या दुकानात पिटाळलं जातं, हे मला माहीत आहे आणि तपासायला येणाऱ्यालाही माहीत असतं. खोटं ‘नाही’ पहिल्याच भेटीत उघडं पडतं. ‘होय, अडचणीपुरती’ असं लिही आणि खाली तुझे नियम लिही.

दुकानातला माल वाईट असतो असं नाही. पंचाईत वेगळी आहे. मिठाच्या कंपनीने एखादी बॅच परत मागवली तर दुकानदार फळी रिकामी करेल, पण तुझ्याकडे निरोप कोण आणणार? तू चटणी करून विकतेस हे त्याला ठाऊकच नाही, तुझं पाकीट तोवर उखळात गेलेलं. म्हणून दुकानातून घ्यायचं ते फक्त बंद पाकीट, तेही आधी ठरवलेल्या कंपनीचं. मान्यता कंपनीला, दुकानाला नव्हे. पोत्यातलं सुटं जिरं कितीही वासाचं असो, नाही. पाकिटावरचा बॅच नंबर आणि मुदतीची तारीख असलेला तुकडा कापून वहीत चिकटव, बिल त्यालाच टाच, आणि ते कुठल्या घाण्यात गेलं ते शेजारी लिही. असं वारंवार व्हायला लागलं तर समज की तुझा साठ्याचा हिशोब चुकतोय. एमआरपीने मीठ घेऊन कुणाचा धंदा वाढला नाही.

वही कुणी ठेवायची, हे आजच ठरव. आणि या हंगामाचं पहिलं दाण्याचं पोतं उतरवून घेण्याआधी शेठजींकडे पक्कं बिल माग. त्यांनी नाक मुरडलं तर मला फोन कर, मी बोलते त्यांच्याशी.

तुझी भाची,
मनू