मापाचा दस्ता

शिकारीच्या रायफलीचा दस्ता हा ब्लाऊजसारखा अंगावर बेतून घ्यायचा प्रकार आहे, हे मला कोणी कधी सांगितले नव्हते. दुकानात मांडलेली रायफल जशी असते तशीच ती असणार, आपण तिच्याशी जुळवून घ्यायचे, असे विस्कॉन्सिनमधले माझ्या ओळखीचे बहुतेक शिकारी मानतात; आणि ज्यांच्या अंगाला ती आपसूक जुळते त्यांना तसे मानण्यात काही अडचणही नसते. चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचे अंतर हे यातले पहिले माप. अमेरिकेतल्या कारखान्यांतून निघणाऱ्या शिकारी रायफलींत ते सर्वसाधारणपणे साडेतेरा ते पावणेचौदा इंच असते. हा आकडा आकाशातून पडलेला नाही. साधारण पावणेसहा फूट उंचीचा, उजव्या हाताने नेम धरणारा पुरुष त्या आकड्यामागे उभा आहे. मी पाच फूट एक इंच आहे.

दस्ता लांब झाला की काय होते ते सांगायला हवे, कारण एरवी हा सगळा प्रकार नाजूकपणाचा वाटण्याचा संभव आहे. चापापर्यंत बोट पोचवण्यासाठी दस्ता खांद्याच्या खोबणीतून बाहेर, दंडाकडे सरकतो. पुढचा हात ताठ ताणला जातो. नळीचे वजन पेलण्यासाठी माणूस कमरेतून मागे झुकतो, म्हणजे नेमका धक्का येतो त्या दिशेलाच तोल गेलेला असतो. मान पुढे काढून गाल दस्त्यावर टेकवावा लागतो आणि तरीही दुर्बिणीत पूर्ण वर्तुळ दिसत नाही. कडेला काळी चंद्रकोर उरते. ती घालवण्यासाठी मान आणखी पुढे. अशा अवस्थेत बार काढला की दस्ता दंडावर आदळतो, खालचे टोक छातीत रुतते, आणि पुढच्या वेळी चाप ओढण्याआधीच अंग आक्रसते. या आक्रसण्याला सगळे भीती म्हणतात.

कोल्हापूरला कॉलेजात एनसीसीमध्ये मी रायफल चालवली होती; .२२ची, पालथे पडून. तिला धक्का असा नव्हताच. तिचाही दस्ता मला मोठाच होता, पण हलकी रायफल बरेच अपराध पोटात घालते. पुढे २०१० साली म्युनिकला कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या तेव्हा मी त्यांचे फोटो निरखून पाहिले होते. स्पर्धेच्या रायफलीत गालाखालची पट्टी वरखाली होते, खांद्याला लागणारी पट्टी पुढेमागे, वरखाली आणि तिरकी होते. स्क्रू आणि पाने घेऊन नेमबाज ती रायफल स्वतःभोवती जुळवत बसतो. तिथे शरीर हे प्रमाण आणि यंत्र बदलते. शिकारीच्या रायफलीत बहुधा यातले काहीच नसते. ती पावसात भिजते, ट्रकमध्ये आदळते, झाडावरच्या मचाणावर दोरीने ओढून घेतली जाते. म्हणून तिचा दस्ता एकसंध आणि साधा. कारण रास्त आहे. मात्र त्या साधेपणाचे भाडे कोण भरते हा प्रश्न उरतो.

शिकार का, हे मराठी वाचक विचारणारच. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार ही आजोबांच्या पिढीची आणि जुन्या पुस्तकांतली गोष्ट झाली, आणि ते योग्यच झाले. विस्कॉन्सिनचे गणित वेगळे आहे. इथे हरणे अमाप आहेत, लांडगे असले तरी ते उत्तरेत, आणि २००२ पासून हरणांच्या मेंदूला पोखरणारा एक असाध्य रोग राज्यात पसरतो आहे. हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्याचे काम बरेचसे थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होणाऱ्या नऊ दिवसांच्या हंगामावर अवलंबून आहे. शिवाय मी मटण खाते. जे खाते त्याच्या मरणाशी एकदा तरी समोरासमोर उभे राहावे, एवढाच माझा हेतू होता. बाकी समर्थन दुसऱ्या कोणी करावे.

१ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना इथे शिकारीचा परवाना काढण्याआधी शिक्षणवर्ग पूर्ण करावा लागतो. माझा जन्म १९७६चा. बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या रांगेत बसून मी तो केला. त्यात एक गोष्ट मनावर ठसली. हरणाच्या बरगड्यांमागे हृदय-फुप्फुसांचा जो भाग असतो, तो जेमतेम जेवणाच्या ताटलीएवढा. गोळी तिथे लागली तर जनावर काही क्षणांत संपते. वीतभर मागे लागली तर ते पोटात गोळी घेऊन रात्रभर चालते. नेमके या वीतभर अंतरात नेमबाजाचे अंग आक्रसणे मावते. म्हणून दस्त्याचे माप हा केवळ माझ्या खांद्याच्या सोयीचा विषय राहत नाही.

रायफल मला शेजारणीने दिली. त्यांचे यजमान वारल्यावर ती चार वर्षे कपाटात होती. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता,.३०-०६ची, दुर्बिणीसकट. मी तिच्यासह मैदानावर गेले तेव्हा सल्ल्यांना तोटा नव्हता. घट्ट धर. श्वास सोड. सवय होईल. आणि सर्वांत जास्त वेळा: बायकांनी लहान काडतुसाची घ्यावी. शेवटच्या सल्ल्यात तथ्य आहे. आठ पौंडांच्या रायफलीत .३०-०६चा धक्का सुमारे वीस फूट-पौंडांचा असतो, .२४३चा जवळपास निम्मा. न्यूटनचा तिसरा नियम कोणाचे लिंग विचारत नाही. पण तोच वीस फूट-पौंडांचा धक्का रुंद पट्टीने खांद्याच्या खोबणीत सरळ आला तर ढकलल्यासारखा वाटतो, आणि दस्त्याच्या टोकाने बरगडीवर आला तर ठोसा. ऊर्जा तीच, ती कुठून आणि किती जागेवर उतरते यात सगळा फरक.

जॅक ओ'कॉनर (१९०२–१९७८) हे ‘आउटडोअर लाइफ’ मासिकाचे बंदूकविषयक लेखक. त्यांची पत्नी एलेनॉर ७ बाय ५७ माउझरसारख्या बेताच्या काडतुसाने जगभर शिकार करत असे. हे उदाहरण देऊन लोक नेहमी काडतुसाचे गुणगान करतात. ती रायफल तिच्यासाठी खास घडवून घेतलेली होती, ही बाब मात्र सांगताना गळते.

कोणीतरी एका वृद्ध बंदूक-कारागिराचे नाव सुचवले. गॅरेजमध्येच त्यांचे दुकान. मी रायफल टेबलावर ठेवली तर त्यांचा पहिला प्रश्न होता, कोट आणला का? नोव्हेंबरात मी जो जाड कोट घालून बसणार, तो घातल्याशिवाय माप घेण्यात अर्थ नव्हता. कापसाच्या थरांचा अर्धा इंच दस्त्याच्या लांबीतून वजा होतो. आमच्या गल्लीतला शिंपी पावसाळ्यातही परकर कोणत्या कापडाचा आहे ते विचारल्याशिवाय टेप काढत नसे, त्याची आठवण झाली.

त्यांनी रायफल रिकामी असल्याची खात्री केली, बोल्ट काढून बाजूला ठेवला, आणि दस्त्याच्या मागच्या पट्टीवर पांढरा खडू घासला. मग मला डोळे मिटून रायफल खांद्याला लावायला सांगितले. अंगाला जसे सुचेल तसे, म्हणाले. डोळे उघडे असले की माणूस मान वाकवून खोटे बोलतो. मी खाली ठेवली तेव्हा माझ्या काळ्या कोटावर खडूचा ठसा होता. पूर्ण पट्टीचा नव्हे. दंडाजवळ एक चंद्रकोर आणि खाली, छातीवर, टोकाचा एक ठिपका. कारागिरांनी त्या ठिपक्याकडे बोट न दाखवता नुसती मान हलवली. स्त्रीच्या छातीचा उल्लेख कसा करावा या पेचात जगभरचे शिंपी सारखेच वागत असावेत. बोलायचे ते खडू बोलला होता.

त्यानंतर दीड तास मापे चालली. दस्ता कोपराच्या वाकणीत ठेवून बोट चापाला पोचते का ते पाहण्याची जी रूढ रीत आहे, तिला ते हसले. ती हाताची लांबी सांगते, मान आणि खांद्याबद्दल गप्प राहते. त्यांच्या हिशेबाने चाप धरलेला असताना अंगठा आणि नाक यांत दोन बोटांचे अंतर हवे. फार कापले तर धक्क्यासरशी दुर्बिणीची कडा भुवई फोडते, म्हणून आखूड करण्यालाही मर्यादा आहे. माझ्यासाठी आकडा निघाला साडेबारा इंच, रबरी गादी धरून. मागची पट्टी सरळ न कापता किंचित तिरकी कापायची, म्हणजे खालचे टोक छातीपासून दूर राहील. शिवाय ते टोक थोडे बाहेर वळवून गोल करायचे. गाल टेकतो ती वरची धार उचलायची, कारण स्त्रियांची मान बहुधा लांब, खांदे उतरते आणि गालाचे हाड वर असते. त्यातून हा जुना दस्ता दुर्बिणीशिवाय, नळीवरच्या साध्या माशीने नेम धरण्याच्या काळातला, म्हणून धार आधीच खाली. मूठ जाड होती, ती कानशीने बारीक करायची. आणि हे सगळे झाल्यावर दुर्बीणही नव्याने जुळवायची, कारण डोळा आता वेगळ्या जागी येणार.

या ठिकाणी एक विषयांतर. २०१६ साली विस्कॉन्सिनने कायदा करून शिकाऱ्यांना भगव्या-नारिंगीऐवजी झगझगीत गुलाबी कपडे घालण्याची मुभा दिली. स्त्रिया शिकारीकडे वळाव्यात हा एक हेतू सांगितला गेला. गुलाबीला माझा विरोध नाही. परंतु विधिमंडळाला स्त्रीबद्दल सुचलेली गोष्ट रंग होती, माप नव्हते, याची नोंद करावीशी वाटते. त्याच दशकात सॅव्हेज आणि वेदरबी या कंपन्यांनी खरोखर मोजमाप करून स्त्रियांसाठी रायफली काढल्या: आखूड दस्ता, उंच धार, बारीक मूठ. त्यांचे श्रेय त्यांना द्यायला हवे. तोवर बाईने मुलांसाठी असलेली छोटी रायफल घ्यावी असा प्रघात होता, जणू स्त्री म्हणजे वाढ खुंटलेला मुलगा. असो.

करवत हातात घेण्यापूर्वी कारागीर थांबले. लाकूड परत येत नाही, म्हणाले, विचार कर. वाटल्यास प्लास्टिकचा नवा दस्ता बसवू, हा जपून ठेव. मुठीजवळ त्या दस्त्याचे पॉलिश एका माणसाच्या तळव्याने चाळीस वर्षांत घासून टाकलेले होते, आणि कानस नेमकी तिथेच चालणार होती. हा निर्णय मी एकटी घेऊ शकत नव्हते.

शेजारणीला विचारायला गेले. त्या आता ७६ वर्षांच्या. कापायचे आहे एवढे ऐकून त्या म्हणाल्या, काप. मग बराच वेळ बोलल्या नाहीत. लग्नानंतर १९७१ पासून तीन हंगाम त्या यजमानांबरोबर गेल्या होत्या, त्यांच्या जादा रायफलीसह. तिचाही दस्ता याच मापाचा. दंड निळा पडायचा. यजमान प्रेमळ माणूस; खांद्याला घट्ट लाव, हळूहळू सवय होईल, असे समजावायचे, आणि ते मनापासून, कारण त्यांना स्वतःला ती सवय कधीच लावून घ्यावी लागली नव्हती. तिसऱ्या वर्षी त्यांनी एका हरणावर बार काढताना डोळे मिटले. गोळी कुठेच लागली नाही. त्यानंतर त्या घरीच थांबू लागल्या. सॉसेज करायच्या, जेवणाचे डबे भरायच्या, आणि कोणी विचारले तर मला जीव घेणे जमत नाही असे सांगायच्या. पुढे त्यांनाही ते खरे वाटू लागले. खडूची गोष्ट मी सांगितली तेव्हा त्यांनी आपला उजवा दंड नकळत चोळला.

दस्ता कापला. ऑक्टोबरात मैदानावर कारागिरांनी माझ्या नकळत काडतुसांत मधूनच एक खोटे काडतूस घातले. चाप ओढल्यावर नुसता टिक् असा आवाज होतो आणि नळी हलली तर माणसाचे आक्रसणे उघडे पडते. पहिल्या दिवशी माझी नळी हलली. अंगाने शिकलेले अंग इतक्या सहज विसरत नाही. चौथ्या खेपेला ती स्थिर होती. धक्का नाहीसा झाला असे नव्हे. तो होता, भक्कम होता, पण आता तो माझ्यापर्यंत एका ठरलेल्या जागी येत होता.

रायफल दाखवायला शेजारणीकडे नेली. बोल्ट काढून त्यांच्या हाती दिली. वयाने त्या खचून माझ्याएवढ्याच झाल्या आहेत. मुठीवरून त्यांनी अंगठा फिरवला, जिथे पॉलिश आता नवे होते. मग खिडकीबाहेरच्या शेताकडे तोंड करून ती खांद्याला लावली आणि तशाच उभ्या राहिल्या, अपेक्षेपेक्षा बराच वेळ. वर्तुळ पूर्ण दिसते, म्हणाल्या. मी सांगितले की तुमचा जन्म १९७३च्या आधीचा, तुम्हाला वर्गाला बसावे लागणार नाही. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. रायफल टेबलावर ठेवून आत गेल्या आणि नोव्हेंबरचा कोट घालून परत आल्या.