खाऱ्या वाऱ्यातली गाडी

समुद्राकाठी लोखंड सांभाळणं म्हणजे काय, हे चिंचणी-तारापूरकडच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. खिडकीचे गज, सायकलची चेन, कपाटाच्या बिजागऱ्या, खारा वारा कशालाच सोडत नाही. आणि आमच्या बाबांनी नेमकी त्या वाऱ्याच्या तोंडावर, सुरूच्या झाडांपासून हाकेच्या अंतरावर, मोटार आणून उभी केली होती. प्रीमियर 118 एनई, 1992 सालची, दुधी पांढरी. पाटीवर एमएच 04, कारण पालघर जिल्हा व्हायला 2014 चा ऑगस्ट उजाडायचा होता आणि आम्ही तेव्हा ठाणे जिल्ह्यातले.

तुम्ही म्हणाल, चार दारांची ही चौकोनी गाडी, हिला स्पोर्ट्स कार कोण म्हणेल? आम्ही म्हणायचो. रस्त्यावर अॅम्बेसेडर, पद्मिनी आणि मारुती सोडल्या तर दुसरं फारसं काही दिसत नव्हतं, त्या दिवसांत हिला निसानचं 1171 सीसीचं चपळ इंजिन होतं, ताकद मागच्या चाकांना जायची, आणि अंगकाठी होती फियाट 124 ची, जी 1967 साली युरोपातली सर्वोत्तम गाडी ठरली होती, जिच्यावरून रशियात झिगुली निघाली आणि कुर्ल्याला वालचंदांच्या कारखान्यात 1985 पासून आमची ही. त्याच 124 च्या घराण्यात पिनिनफारिनाने रेखलेली, उघड्या टपाची स्पायडरही होती. तिचं मासिकातून कापलेलं चित्र बाबांनी हत्यारांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. पाना काढायला दार उघडलं की ती लाल गाडी दिसायची, आणि तिच्याकडे बघतबघतच ते बाहेरच्या पांढरीसाठी दहा-अकराचा पाना शोधायचे.

वाड्याला आत्याकडे जायचं तर बोईसरहून चिल्हार फाट्याचा रस्ता सोयीचा, पण बाबा मुद्दाम पालघरवरून वळसा घ्यायचे, ते वाघोबाच्या खिंडीसाठी. पावसाळ्यात दोन्ही बाजूंना सागाची ओली पानं, काचा अर्ध्या खाली, चढाला लागताना तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकल्यावर इंजिनाचा तो एकदम मोकळा झालेला आवाज, आणि वाघोबाच्या देवळापाशी गाडी बाजूला घेऊन, इंजिन बंद न करता, वारल्यांच्या त्या वाघदेवाला जोडलेले हात. इंजिन बंद का नाही, तर देवालाही ते ऐकू द्यावं, असं आई म्हणायची.

बाबा तारापूरच्या अणुवीज केंद्रात मेन्टेनन्सला होते. आठवडाभर तिथली यंत्रं आणि रविवारी ही. सकाळी चहा झाला की गाडी आधी फिरवून आणायची, कारण टॅपेट गरम इंजिनावर बघायचे. झाकण उघडलं की तापलेल्या तेलाचा वास अंगणभर व्हायचा, त्यात शेजारच्या वाळत घातलेल्या बोंबलांचा वास मिसळायचा, आणि मला विचाराल तर रविवारचा वास तो. गाडी चौथ्यात टाकून मी मागून हळूच ढकलायची, म्हणजे इंजिन कणाकणाने फिरायचं, आणि बाबा "बस" म्हणाले की पुढे धावत जाऊन दिवा धरायचा. मग फीलर गेजमधलं 0.35 मिलिमीटरचं पातं ते व्हॉल्व्हपाशी सरकवायचे. पातं किंचित अडलं पाहिजे, अडकता कामा नये. ते किंचित म्हणजे किती, हे त्यांनी मला माझं बोट धरूनच दाखवलं होतं. त्यांच्या बोटांना वंगणाचा चिकट ऊबदार स्पर्श होता. नंतर डिपस्टिकचं तेल अंगठा आणि तर्जनी यांत घेऊन ते हळूच ताणून बघायचे, आजी एकतारी पाक बघायची तसे, आणि वास घेऊन ठरवायचे की आणखी किती चालेल.

पण खरी लढाई गंजाशी. काचेच्या फटीतून दारात उतरलेलं पाणी खालच्या बारीक भोकांतून निघून जायचं असतं. ती भोकं वाळूनं आणि मिठानं बुजली की पाणी आतच साचतं आणि पत्रा आतून सडत जातो, बाहेर रंग मात्र दिवाळीसारखा चकचकीत. म्हणून बाबा जमिनीवर आडवे व्हायचे आणि खराट्याच्या हिराने एकेक भोक मोकळं करायचे. टचकन आवाज व्हायचा, तपकिरी पाण्याची धार त्यांच्या बाहीत शिरायची, आणि त्यांना त्याचं केवढं समाधान! त्यावर काळ्या ऑइलचा ब्रश. किनाऱ्यावरून आलं की रात्र असली तरी विहिरीचं गोडं पाणी गाडीच्या पोटाखाली मारल्याशिवाय जेवायला बसायचं नाही.

कुर्ल्याचा कारखाना थंडावला आणि सुटे भाग मिळेनासे झाले. मग ऑपेरा हाउसची दुकानं, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचे भंगारवाले. संध्याकाळच्या फ्लाइंग राणीने ते बोईसरला उतरायचे, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला हेड गॅस्केट, वाकू नये म्हणून गर्दीत छातीशी धरून आणलेला. गाडीचं हेड अॅल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. एकदा तापली की हेड वाकलंच, म्हणून रेडिएटरच्या पाण्यावर त्यांचा जीव. पंधरा वर्षांनी पासिंग, पुढे दर पाच वर्षांनी पासिंग, हरित कर, सगळं त्यांनी केलं. मीटर सगळे आकडे फिरून पुन्हा शून्यावरून सुरू झाला होता, आणि तरी सकाळी चोक ओढून अर्ध्या चावीत ती उठायची. जुन्या गाडीचा मोठेपणा तिच्या वेगात नसतो असं म्हणतात. मला ते पटत नाही. ती शेवटपर्यंत वेगवान होती, आणि बाबांनी ती वेगासाठीच जपली होती.

बाबा गेले त्यानंतरच्या पावसात ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गेला. कार्पेट उचललं तर खाली अंगणातली फरशी. डेंटिंगवाल्याने हात लावून बघितला आणि पत्र्याचा तुकडा त्याच्या चिमटीत आला. वेल्डिंग धरायला काही उरलंच नव्हतं. भंगारवाला आला तेव्हा आई आत ताक घुसळत होती, आणि ती शेवटपर्यंत घुसळत राहिली.

आताच्या माझ्या गाडीला माझी गरज नाही. तिचं बॉनेट मी उघडत नाही, ती तापत नाही, वासही कसला येत नाही, आणि रविवारी सकाळी हातांना काय द्यावं ते कळत नाही. मग पुण्याला भावाला फोन होतो. बोलणं कुठूनही निघालं तरी एका टॅपेटपाशी येऊन पोचतं. आमच्या गाडीचा एक टॅपेट बाबा जाणूनबुजून जरा सैल ठेवायचे. वाजणारा टॅपेट परवडला, घट्ट टॅपेट व्हॉल्व्ह जाळतो, असं ते म्हणायचे, आणि त्या बारीक टकटकीवरून आम्हाला फाट्यापासून ओळखू यायचं की बाबा आले. तो कितव्या सिलिंडरचा, यावर आमचं जमत नाही. भाऊ म्हणतो तिसरा. विचारून खात्री करावी असं आता कोणी नाही, म्हणून तो ऐकत नाही. पण दिवा मी धरायची, त्याने कधी धरला नाही. चौथाच होता, काचेकडचा.