पाणघोड्याच्या साक्षीने

आमचे लग्न १९७२ साली अग्नीच्या साक्षीने झाले. पण संसार सुरू झाला तो भायखळ्याला, पाणघोड्याच्या साक्षीने. हसू नका. लालबागच्या एका खोलीत आम्ही नऊ माणसे. नवराबायकोने बोलायचे ते "पाणी आलं का?" नि "रॉकेल संपलं" एवढेच, त्यालाही उत्तर द्यायला चौघे तयार! म्हणून रविवारी दुपारी आम्ही दोघे चालत राणीच्या बागेत जायचो. १९६९ सालीच तिचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झाले होते, पण तोंडात अजून राणीची बागच येते.

बाग १८६२ सालची. घारापुरीहून आणून, तुकडे जोडून उभा केलेला दगडी हत्ती पाहायचा आणि पुढे व्हायचे. लोक वाघ शोधत, आम्ही सावली शोधायचो. गोरखचिंचेचा बुंधा असा, की चार माणसांच्या कवेत मावू नये. पण सावलीतली बाके आमच्यासारख्याच जोडप्यांनी अडवलेली. पाणघोड्याच्या डबक्यापाशी मात्र वासामुळे गर्दी टिकत नसे. तिथेच एकदा ही म्हणाली, "मला नर्सिंग शिकायचंय. आईंना विचाराल का?"

"विचारतो," मी म्हणालो. पाणघोड्याने नाकपुड्या नि डोळे तेवढे वर काढले, आमच्याकडे पाहिले आणि तो पुन्हा बुडी मारून बसला. मीही तेच केले.

पुढे मुले झाली, खोली बदलली, आई गेली. हिने तो विषय पुन्हा काढला नाही.

परवा नातवाला घेऊन गेलो. (बुधवारी बाग बंद असते हे विसरून आधी एक हेलपाटा झाला, तो वेगळाच.) त्याला पेंग्विन पाहायचे होते. २०१६ साली दक्षिण कोरियातून आणलेले हे हम्बोल्ट पेंग्विन मूळचे चिली-पेरूच्या किनाऱ्याचे. काचेपलीकडच्या त्या गारव्यात, ऐन ऑक्टोबरात, आम्हांलाही बिऱ्हाड थाटू द्यावे असे वाटले. बाहेर आल्यावर हिचे गुडघे बोलू लागले. बाकावर टेकलो. नातू समोर बागडत होता.

"अहो, आईंना विचारलं होतंत का हो कधी?"

पन्नास वर्षे उलटली होती, तरी काय विचारले असते ते मला पुसावे लागले नाही.

"नाही," मी म्हणालो.

"ठाऊक होतं. शेवटी मीच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, 'माझी ना नाही, पण त्यानं एकदा तोंडानं म्हणू दे.' मी वाट पाहत राहिले."

मी चष्मा पुसू लागलो. तेवढ्यात नातू धावत आला. त्याला पाणघोडा पाहायचा होता. मी हात पुढे केला. तिने तो घेतला नाही. गुडघ्यांवर भार देऊन उठली आणि त्याला वाट दाखवत पुढे चालू लागली.