नोव्हेंबरातली बैठक

मिशिगनमध्ये १५ नोव्हेंबर ही तारीख कोणाला समजावून सांगावी लागत नाही. वार कोणताही असो, बंदुकीने हरणांची शिकार करण्याचा हंगाम त्या दिवशी उघडतो आणि ३० तारखेला संपतो. डेट्रॉइट परिसरात मी नोकरीला लागले त्या वर्षी आमच्या मजल्यावरची निम्मी टेबलं त्या दिवशी रिकामी होती. कोकणातली माणसं गणपतीची रजा जानेवारीतच राखून ठेवतात, तशी ही रजा उन्हाळ्यातच मागून झालेली असते. उत्तरेकडच्या काही गावांत शाळाही बंद ठेवतात.

मला कोडं पडलं ते तासांचं. परत आलेल्या सहकाऱ्याला मी विचारलं, किती हरणं मिळाली? एकही नाही, तो म्हणाला, आणि चेहऱ्यावर खंत मुळीच नव्हती. मग इतके दिवस केलंस काय? बसलो होतो. रोज? रोज, उजाडण्याआधीपासून अंधार पडेपर्यंत. त्याच्या घरच्यांनीही तेच केलं होतं, आणि त्यांच्यापैकी एकाला त्याआधीच्या वर्षीही काही मिळालेलं नव्हतं.

मी आकडेमोड करणारी बाई आहे, म्हणून शोधायला लागले. अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेने २०१६ साली देशभर केलेल्या पाहणीत सुमारे १ कोटी १५ लाख शिकारी मोजले गेले आणि त्यांनी वर्षभरात शिकारीत घालवलेले दिवस भरले सुमारे १८ कोटी ४० लाख. म्हणजे माणशी सोळा दिवस. त्यात बदकं-ससे मारणारेही आले, पण सर्वांत मोठा गट हरणांच्या मागे जाणाऱ्यांचाच. वर्षाला दोन-तीन आठवड्यांची रजा मिळणाऱ्या देशात माणसं सोळा दिवस झाडाखाली बसतात! मला हे खरोखरच कळेना. गोळी सुटायला क्षणही पुरतो. मग बाकीचा वेळ जातो कुठे?

माझ्या न कळण्याला आणखी एक पदर होता. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर जन्मलेली मी. शिकार म्हणजे गुन्हा, एवढंच आम्हाला ठाऊक. जंगलात रात्र काढायची ती बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून, पाणवठ्यावर येणारे प्राणी मोजायला. आणि इथे सरकारच परवाना विकतं, बंदुका आणि काडतुसांवरचा कर १९३७च्या कायद्याने राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे पोचतो, आणि त्यातून जंगलं राखली जातात. हे मनात बसायला मला वेळ लागला. अजून पुरतं बसलेलं नाही. तरी न पाहता मत बनवायचं नाही, असं ठरवून मी शिकाऊ परवाना काढला. मिशिगनमध्ये १ जानेवारी १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम केल्याशिवाय नेहमीचा परवाना मिळत नाही. शिकाऊ परवान्याला तो लागत नाही, पण नेहमीचा परवाना असलेली प्रौढ व्यक्ती सोबत लागते. सहकाऱ्याच्या वडिलांनी ती जबाबदारी घेतली. मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, सत्तरी उलटलेले गृहस्थ. मी त्यांना मनातल्या मनात काका म्हणू लागले आणि इथेही तेच म्हणणार आहे.

त्यांचा कॅम्प अप्पर पेनिन्सुलात, म्हणजे राज्याच्या वरच्या द्वीपकल्पात, मार्क्वेट शहराच्या दक्षिणेला. तिकडे जायचं तर मॅकिनॅक पूल ओलांडावा लागतो. १९५७ साली हा पूल झाला. त्याआधी मोटारी फेरीबोटीवर चढवाव्या लागत आणि नोव्हेंबरात शिकाऱ्यांच्या गाड्यांच्या मैलोगणती रांगा लागत. काकांचे वडील त्या रांगेत थंडीत तासन्‌तास थांबलेले. शिकारीचा वेळ जंगलात शिरण्याच्या कितीतरी आधी सुरू होतो, हे मला पुलावरच कळायला लागलं.

पुलापलीकडे पेट्रोल पंपांवर गाजरं, बीट आणि सफरचंदांची पोती रचलेली दिसली. हरणांना आमिष म्हणून. हरणांना होणाऱ्या एका जीवघेण्या मेंदूच्या रोगाच्या भीतीने खालच्या द्वीपकल्पात आमिष घालायला बंदी आहे. वरच्या भागात ठरावीक मापापर्यंत चालतं. मला वाटलं, हा वेळ वाचवायचा रास्त मार्ग आहे. काकांनी गाडी थांबवली नाही. आमिष घातलं की माणूस दिवसभर त्या ढिगाकडेच बघत बसतो, म्हणाले, जंगल बघत नाही.

कॅम्प म्हणजे लाकडाची एक खोली, भट्टी, बाकड्यांसारख्या खाटा, भिंतीवर जुनी शिंगं आणि त्याखाली पेन्सिलीने लिहिलेली वर्षं. संध्याकाळी पेस्टी गरम केल्या. तांब्याच्या आणि लोखंडाच्या खाणींत कामाला आलेल्या कॉर्निश लोकांनी इथे रुजवलेली ही मांस-बटाट्याची करंजी. मग पत्त्यांचा युकर नावाचा डाव. तिथे बोलणं निघालं ते वाऱ्याचं. उद्या वारा कुठून, यावर चार माणसं तासभर बोलली. मला ते हवापाण्याचं निरर्थक बोलणं वाटलं, पण दुसऱ्या दिवशी सारा दिवस त्यावरच उभा राहिला.

पहाटे साडेचारला उठलो. गोळी झाडायला सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत मुभा, आणि तिकडे नोव्हेंबरच्या मध्याला सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो. म्हणजे एवढी घाई कशाला? तर आपण चालत गेलो की जंगल बिथरतं, आणि ते पुन्हा शांत व्हायला वेळ द्यावा लागतो. थेट वाटेने गेलो असतो तर दहा मिनिटांत पोचलो असतो. काकांनी वाऱ्याच्या बाजूने मोठा वळसा घेतला, पानांवर बर्फ असेल तिथेच पाय टाकत. अंगावर नारिंगी जाकीट आणि डोक्याला नारिंगी टोपी, कारण कायद्याने असं नारिंगी काहीतरी अंगावर लागतंच. हरणाला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही, त्यामुळे माणसाला लांबूनच उठून दिसणारा हा रंग त्याला फिकट, मळकट वाटतो. फसवता येत नाही ते त्याच्या नाकाला.

सीडरच्या झाडांच्या दलदलीच्या कडेला लाकडाच्या फळ्यांचा एक आडोसा होता. इथे त्याला ब्लाइंड म्हणतात. आत दोन खुर्च्या. बसलो. आणि मग काहीच झालं नाही.

मला हा भाग घाईने सांगायचा नाही, कारण हंगाम म्हणतात तो मुख्यतः हाच. पहिला अर्धा तास डोळ्यांपुढे निव्वळ काळोख. मग झाडं एकेक करून सुटी झाली. मग प्रत्येक बुंधा हरीण वाटू लागला. आडवी पडलेली फांदी म्हणजे पाठ, सुकलेलं पान म्हणजे कान. माझं हृदय धडधडायचं आणि काका हाताच्या बोटानेच ‘नाही’ म्हणायचे. त्यांना कसं कळतं? पुढे एकदा विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की ती फांदी १९९८च्या वादळात पडली. ते हरीण ओळखत नव्हते. हरीण नसलेलं सारं ओळखत होते, आणि त्यात भर पडली की ती त्यांना दिसत होती. तीस-चाळीस एकरांचा तो तुकडा त्यांना बुंधा न्‌ बुंधा पाठ होता. एवढं पाठ व्हायला किती नोव्हेंबर बसावं लागत असेल, याचा अंदाज मला त्या क्षणी आला आणि माझा तासांचा हिशेब पहिल्यांदा डळमळला.

लाल खारी आल्या. त्यांचा आवाज असा की प्रत्येक वेळी मोठं जनावर आल्याचा भास व्हावा. चिकडी नावाचा मुठीएवढाही नसलेला पक्षी बंदुकीच्या नळीवर येऊन बसला, माझ्याकडे पाहिलं आणि उडून गेला. बोटं बधिर झाली. खिशातल्या ऊब देणाऱ्या पुड्या मुठीत धरल्या. हलायचं नाही, खोकायचं नाही. मला आतून एक विचित्र राग येत होता, की एवढं करूनही समोरून काहीच मिळत नाही. कामाच्या जगात मी जेवढं घालते तेवढं काहीतरी परत येतं. इथे घातलेल्या तासाला कोणी बांधील नव्हतं.

दहाच्या सुमारास एक मादी आली. पावलांचा आवाज अजिबात नाही. जिथे काही नव्हतं तिथे ती होती. तीन पावलं, थांबणं, नाक वर, पुन्हा दोन पावलं. मागे तिचं त्या वर्षीचं पाडस. आमच्या परवान्यावर तिथे बंदुकीने शिंगवाला नरच मारता येत होता, आणि शिंगवाला म्हणजे ज्याचं निदान एक शिंग डोक्यावर तीन इंच वाढलेलं आहे असा. म्हणजे हातात बंदूक, समोर हरीण, आणि करायचं काहीच नाही. ती वीसेक मिनिटं आमच्यासमोर चरली. काका मादीकडे पाहत नव्हते, तिच्या मागच्या वाटेकडे पाहत होते. नोव्हेंबरात नर माजावर असतात आणि मादीच्या वासावर येतात. मला हे कोणीतरी पुस्तकातून सांगितलं असतं तर एक वाक्य म्हणून लक्षात राहिलं असतं. तिथे त्या वाटेवर नजर लावून बसताना ते पोटात शिरलं.

नर आला नाही. वारा किंचित फिरला, मादीने मान ताठ केली, नाकातून जोरात फुत्कार टाकला आणि पांढरी शेपटी उभारून दोघं नाहीशी झाली. बारा वाजता मला वाटलं, आता जेवायला परतायचं. काका हलले नाहीत. इतर कॅम्पांतली माणसं दुपारी जेवायला चालत जातात, त्यांच्या चालण्यानेच हरणं उठतात आणि जो बसून राहिला त्याच्यासमोरून जातात, हे त्यांचं म्हणणं. आम्ही थंड पेस्टी खाल्ली आणि अंधार पडेपर्यंत बसलो. दुसऱ्या दिवशीही. त्यानंतरही.

नर आला तो पहिला आठवडा सरत असताना, ढगाळ दुपारी. शिंगं आखूड. तीन इंच आहेत का? काकांनी दुर्बीण लावली आणि लावूनच ठेवली. नर साठ पावलांवर आडवा उभा होता, मारायला याहून सोपी स्थिती नसते. त्यांनी दुर्बीण खाली घेतली आणि मान हलवली. खात्री नाही. इतक्या दिवसांच्या बसण्यानंतर समोर आलेलं जनावर केवळ खात्री नाही म्हणून सोडायचं! पण मला त्या माणसाबद्दल जो आदर वाटला तो त्यानंतर कमी झालेला नाही. वेळ गेला म्हणून गोळी वसूल करायची, असं त्यांच्या मनात आलंच नसावं.

दोन दिवसांनी आलेल्या मोठ्या नरावर मात्र त्यांनी बार टाकला. जंगल हादरलं, नर उसळला आणि सीडरमध्ये घुसला. मी उठले. काकांनी खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं आणि घड्याळ दाखवलं. अर्धा तास. जखमी जनावराच्या मागे लगेच धावलं तर ते भीतीने मैलभर पळतं, हालहाल होऊन मरतं आणि सापडतही नाही. थांबलं तर जवळच आडवं होतं. साऱ्या हंगामातला सर्वांत लांब अर्धा तास तो. काकांचे हात थरथरत होते. एवढ्या वर्षांनंतरही थरथरतात, आणि थांबतील तेव्हा मी बंदूक ठेवून देईन, असं ते अगदी साधेपणाने म्हणाले.

मग माग. बर्फावर रक्ताचा थेंब, पुढे काही नाही, पुन्हा एक पान माखलेलं. शंभरेक पावलांवर नर पडलेला होता. काकांनी टोपी काढली, त्याच्या मानेवर हात ठेवला आणि काही वेळ तसेच राहिले. मला रडू आलं. ते कोणत्या भावनेचं होतं हे मी अजून ठरवू शकलेले नाही, आणि घाईने ठरवायची माझी इच्छाही नाही. जनावर मेलं होतं आणि त्याला मारणाऱ्या माणसाला ते माझ्याहून कितीतरी जास्त ठाऊक होतं. दोन्ही खरं होतं.

त्यानंतरचं काम कोणी सांगत नाही. जागीच पोट फाडून आतडी काढायची, नाहीतर मांस नासतं. साठ-पासष्ट किलोचं धूड दोरीने ओढत न्यायचं, बर्फातून, पडलेल्या ओंडक्यांवरून. मग बहात्तर तासांच्या आत सरकारकडे ऑनलाइन नोंद. मग सोलणं, कापणं, कागदात गुंडाळणं. एक दुपार गेली, एक संध्याकाळ, आणि पुढचा पूर्ण दिवस.

मला हंगामात काही मिळालं नाही. परतताना गाडीत मी पुन्हा तासांचा विषय काढला आणि काकांना विचारलं की वर्षाला एकूण किती वेळ जातो. ते मोजायला लागले आणि थांबले. उन्हाळ्यात ब्लाइंडच्या फळ्या बदलणं धरायचं का? सप्टेंबरात बंदुकीचा नेम तपासणं? ऑक्टोबरात नरांनी शिंगं घासून सोललेली झाडं शोधत फिरणं? थंडीत हरणं सीडरच्या दलदलीत एकत्र दाटी करून राहतात, तेव्हा जाऊन किती तगली ते पाहणं? मी म्हटलं, हंगामातलंच सांगा. ते म्हणाले, मग सोपं आहे, ते सगळ्यांत थोडं.

आता मी सुरक्षिततेच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं आहे. पुढच्या वर्षी बार टाकेन की नाही, ठाऊक नाही. मार्चअखेरीस, बर्फ वितळू लागलं की, काकांबरोबर उत्तरेला जायचं आहे. पालवी फुटण्याआधीच्या त्या दिवसांत हरणांच्या गेल्या हंगामातल्या वाटा जमिनीवर सर्वांत स्पष्ट दिसतात, आणि त्यांतल्या दोन वाटा कुठून येतात ते त्यांनाही अजून सापडलेलं नाही.