बैठका कमी केल्या, बंद नाही



गेल्या वर्षी पुण्याला एका मुंजीत आम्ही दोघे हौसेने खालच्या पंगतीला बसलो. जेवण झाले, सगळे उठले. आम्हाला मात्र उठता येईना. शेवटी दोन मुलांनी हात धरून उभे केले. वरवर हसलो, पण मनातून चरकलो. स्वोर्ड्सच्या घरात जमिनीवर बसायची वेळच येत नाही, त्यामुळे काय गमावले ते कळलेच नव्हते.

तसे आम्ही आळशी नव्हे. आमच्यापैकी एकाचे वडील औंधच्या शाळेत शिकलेले. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) तिथलेच, त्यामुळे घरात व्यायामाची शिस्त होती. चूक आमची. साठीतही पंचविशीतला आकडा गाठायचा हट्ट धरला. ५० बैठकांनी एकाचे गुडघे सुजले, नमस्कारांनी दुसरीचा खांदा धरला. मग वैतागून सगळेच सोडले आणि नुसते वॉर्ड नदीकाठच्या पार्कात फिरू लागलो. फिरणे चांगलेच, पण तेवढ्याने ताकद टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सल्ल्यानुसार आठवड्यातून किमान २ दिवस स्नायूंच्या बळाचा व्यायाम हवा. पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचाही, ३ दिवस.

पुण्याहून परतल्यावर फिजिओथेरपिस्टला भेटलो. आता बैठक म्हणजे खुर्चीवरून हात न टेकता सावकाश उठणे-बसणे, ८ ते १० वेळा. खुर्ची बुटकी वाटते तोवर उशी काढायची नाही. जोर काढायचे ते स्वयंपाकघराच्या ओट्याला हात टेकून. वजन म्हणून २ लिटरच्या पाण्याच्या बाटल्या. बाटलीमागे २ किलो झाले! चहाचे आधण उकळेपर्यंत ओट्याला धरून एका पायावर उभे राहायचे. मध्ये एक दिवस विश्रांती.

दुखण्याचा हिशेबही शिकलो. करताना थोडे दुखले आणि लवकर थांबले तर चालते. दुसऱ्या दिवशीही ठणकले तर आकडा कमी करायचा, व्यायाम बंद करायचा नाही. सांधा सुजला किंवा रात्री दुखून झोप मोडली तर डॉक्टरांना दाखवायचे.

आठ महिने झाले. आज सोफ्याला एक हात टेकून जमिनीवरून उठता येते. तो हातही सुटेल अशी आशा आहे. येत्या गणपतीला खुर्च्यांबरोबर एक सतरंजीही अंथरू या. आम्ही तिच्यावर बसणार आहोत. उठताना कोणी घाईने हात द्यायला येऊ नका, जरा वाट पाहा!